डाव्या हातानं

गुरुवारची रात्र, बत्तीस वह्या.
वीज गेली तेव्हा एकोणीस झाल्या होत्या,
पुढच्या मोबाईल दातांत धरून.
डाव्या हातानं काढते ए, डाव्या हातानं बी,
म्हणजे चार वर्षांच्या बोटांसारखे येतात,
रेघेवरून घसरलेले.
कुठं ओल्या अंगठ्याचा डाग, एखादा बी मुद्दाम उलटा.
खोटं करायचं तरी नीट करावं माणसानं.

शुक्रवारी पालक वह्या बघतात.
पान भरलेलं नसेल तर फी कशाची, विचारतात,
आणि चुकीचं नाही विचारत.
तमालेच्या या टोकाला फी म्हणजे
कुणाचे शियाच्या लोण्याचे गोळे,
कुणी उन्हात डोक्यावरून विकलेल्या
पाण्याच्या पिशव्या.

वर्गात जे चालतं ते पानावर उतरत नाही.
घागरीतलं पाणी भोपळ्याच्या वाटीत ओतणं,
न सांडता,
मग सांडल्यावर फडकं कुठं असतं ते शोधणं.
पूमाया रडत असेल तर नुसतं शेजारी जाऊन बसणं.
'माझा नंबर' आणि 'तुझा नंबर' यांच्यामधली
ती लांबलचक, असह्य वाट.
शू लागली हे वेळेत सांगणं.
नको असेल तर नको म्हणणं,
माझ्यासारख्या मोठ्या बाईलासुद्धा.

मला पाचव्या वर्षी ए ते झेड पाठ होतं.
छडीखाली पाठ केलं,
म्हणजे खरं तर पाठीनंच केलं.
सत्ताविसाव्या वर्षी, एका घरात,
'नाही' हा शब्द शोधत होते,
सव्वीसपैकी एकाही अक्षराखाली सापडला नाही.

तरीही.
ती अक्षरं होती म्हणून ही नोकरी आहे.
हे विसरायला लागले
की एक तारीख आठवण करून देते.

त्या शुक्रवारी नेइंदो आला.
मोटारसायकली दुरुस्त करतो, नखांत कायमचं ग्रीस.
तियुम्बाची वही उघडली. एक पान, दुसरं,
मग परत पहिलं.
"मॅडम," म्हणाला, "वाचता मला येत नाही.
पण हा हात माझ्या पोराचा नाही.
तो माझ्याकडे नट लावतो डब्यात,
दहाचे दहात, बाराचे बारात,
पडला तर शिवी देऊन पुन्हा उचलतो.
हे ज्यानं लिहिलंय
तो घाबरत लिहितो."

हरमाटनची धूळ दोघांच्या मध्ये उभी होती.
मी गप्प. त्यानंही
मुख्याध्यापिकेचं नाव काढलं नाही.
"लिहायला कधी शिकवणार?" एवढंच.
बोटं तयार झाली की, म्हटलं.
"ती कधी होतात?"
माहीत नाही. प्रत्येकाची वेगळी.
इतकं खरं मी त्या दारात
याआधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तियुम्बा उंबऱ्यावर बसून सँडलचा पट्टा ओढत होता.
बापाचा हात पुढं झाला,
मग त्यानं तो खिशात घातला,
काम नसलेला पाना ठेवावा तसा.
आम्ही थांबलो.
कडुलिंबाखाली कुणाची तरी बकरी
वाळत घातलेलं वर्गाचं फडकं चघळत होती.
हाकलायला कुणी उठलं नाही.
पट्टा लागला. दुसराही लागला.
दोन्ही उलट्या पायांत.
पोरगं उभं राहिलं, चार पावलं बदकासारखं चाललं,
थांबलं, खाली बघितलं,
आणि कुणाकडेही न बघता
परत खाली बसलं.
नेइंदोनं घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडलं.

आज पुन्हा गुरुवार.
वीज आहे.
एकतीस वह्या.